आमरी म्हणजे बांडगूळ नव्हे

(शिक्षक व पंचायत सदस्य यांच्या शिबिरात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कोकणात किंवा घाटमाथ्यावरील एखाद्या गावी जुन्या आंब्याच्या खोडावर जाड, लांबट पानांचा झुबका दिसला आणि हे काय आहे असे कोणास विचारले, तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळते : "बांडगूळ आहे." उत्तर देणारा गृहस्थ शेतीतला जाणकार असतो, झाडांवर माया करणारा असतो. त्या मायेपोटीच तो पुढल्या साफसफाईच्या वेळी कोयता घेऊन झाडावर चढतो व तो झुबका खरवडून खाली टाकतो. देशी आमरींची जोपासना आणि त्यांचे छायाचित्रण हा आजचा विषय असला, तरी सुरुवात मला ह्या कोयत्यापासूनच करणे भाग आहे. कारण तो झुबका पुष्कळदा बांडगूळ नसतोच. ती आमरी असते. शहरातल्या फुलांच्या दुकानात जिला ऑर्किड म्हणून मोठ्या किमतीस विकतात, तिची ही सह्याद्रीतील सख्खी बहीण.

दोघींतील भेद ओळखणे मुळीच कठीण नाही. बांडगुळाचे बी चिकट गरात असते. फुलटोच्यासारखे छोटे पक्षी ते फळ खातात आणि चिकटलेले बी फांदीवर सोडून जातात. तेथे ते रुजते व आपले शोषक मूळ सालीतून थेट लाकडात घुसविते. त्या जागी फांदीला गाठ येते आणि गाठीच्या पुढील भाग हळूहळू वाळू लागतो. बांडगुळाला स्वतःचे लाकडी खोड व फांद्या असतात, फुले नळीसारखी असतात. अशी फांदी गाठीच्या खालून कापून टाकावी, हा बागायतदारांना दिला जाणारा सल्ला योग्यच आहे. आमरीचे मूळ मात्र सालीच्या आत शिरत नाही. पांढुरक्या दोऱ्यांसारखी तिची मुळे सालीवरून पसरतात, काही हवेत लोंबत राहतात. त्या मुळांवर स्पंजासारखा थर असतो. पावसाचे पाणी व दव तो शोषून घेतो. पाणी मिळाले की पांढरे मूळ पाहता पाहता हिरवट दिसू लागते. आमरी झाडाकडून बसावयास जागा तेवढी घेते. तिचे अन्न ती आपल्या हिरव्या पानांनी स्वतः तयार करते. अशा वनस्पतींना शास्त्रीय परिभाषेत अपिवनस्पती म्हणतात. परजीवी आणि अपिवनस्पती ह्या दोन शब्दांतील फरक शाळेच्या पुस्तकात असतो, परंतु कोयत्यापर्यंत तो पोहोचलेला नाही.

आमर-कुल हे सपुष्प वनस्पतींच्या सर्वांत मोठ्या कुलांपैकी एक आहे. जगात त्याच्या सुमारे २८ हजार जाती आहेत. भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या सचित्र ग्रंथात भारतातील १,२५६ जातींची नोंद आहे व त्यांपैकी ३८८ जाती भारताबाहेर कोठेही आढळत नाहीत. महाराष्ट्राच्या वाट्याला शंभराहून अधिक जाती येतात. त्यांतील बहुतेक सह्याद्रीच्या पट्ट्यात आहेत. मुंबईच्या सेंट झेव्हियर्स महाविद्यालयात अध्यापन केलेले आणि पुढे वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले फादर सांतापाव यांनी कपाडिया यांच्या सहकार्याने ह्या भागातील आमरींवर लिहिलेला ग्रंथ १९६६ मध्ये प्रसिद्ध झाला. अजूनही अभ्यासकास तो चाळावा लागतो. स्मिथसोनिया ही पश्चिम घाटातील चिमुकल्या आमरींची प्रजाती तर १९७४ मध्ये फादर सेसिल सालढाणा यांनी नव्याने प्रस्थापित केली. म्हणजे ज्यांना आपण खरवडून टाकतो, त्यांचे नामकरण काही फार जुने झालेले नाही.

आपल्याकडील सर्वांत देखणी आमरी म्हणजे सीतेची वेणी. कोणी हिला द्रौपदीची वेणीही म्हणतात. हा वाद आपण आपल्या आजीवर सोपवावा. मे-जूनमध्ये वीतभर ते हातभर लांबीचा पांढऱ्या-गुलाबी ठिपकेदार फुलांचा दाट घोस खाली लोंबतो, तेव्हा नाव कोठून आले ते सांगावे लागत नाही. हीच आमरी आसामात कपौ फूल ह्या नावाने प्रसिद्ध आहे. बिहू नृत्याच्या वेळी तेथील तरुणी ती केसांत माळतात आणि आसामने तिला राज्यपुष्पाचा मान दिलेला आहे. महाराष्ट्राचे राज्यपुष्प ताम्हण आहे व ते योग्यच आहे. परंतु एका राज्यात जी वेणीत माळली जाते ती दुसऱ्या राज्यात बांडगूळ ठरावी, ह्याचे नवल वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. एक झुबका खरवडला तर काय बिघडले, पुन्हा उगवेल, असे आपणांस वाटेल. येथे आमरीच्या बियांची गोष्ट समजून घेणे आवश्यक आहे. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही जातींत लाखो बिया असतात. त्या धुळीसारख्या सूक्ष्म असतात व वाऱ्याबरोबर दूर जातात. परंतु भुईमुगाच्या किंवा वालाच्या दाण्यात कोंबासाठी जशी शिदोरी बांधलेली असते, तशी शिदोरी ह्या बियांत नसतेच. योग्य जातीची बुरशी त्या बियात शिरून तिला अन्न पुरवील तेव्हाच ती रुजते. फ्रेंच शास्त्रज्ञ नोएल बेर्नार यांनी १८९९ मध्ये हे नाते प्रथम ओळखले. १९२२ मध्ये अमेरिकेतील लुईस नडसन यांनी साखर मिसळलेल्या आगरवर, बुरशीवाचून, बिया रुजवून दाखविल्या आणि आज फुलांच्या बाजारात दिसणारी बहुतेक रोपे प्रयोगशाळेच्या त्याच वाटेने आलेली आहेत. झाडावर मात्र ही सोय नाही. लाखांतील एखादीच बी योग्य सालीवर, योग्य बुरशीजवळ, योग्य ओलाव्यात पडते आणि तीही फुलावर येण्यास काही वर्षे घेते. जुन्या फणसावरील मोठा झुबका ही म्हणूनच बऱ्याच वर्षांची कमाई असते, आणि ती वाढावयास तो जुना फणसही उभा असावा लागतो. देवरायांतील, देवळाजवळील आणि जुन्या रस्त्यांच्या कडेच्या झाडांवर आमरी अधिक दिसतात त्याचे कारण हेच : ती झाडे कोणी तोडली नाहीत.

तेव्हा छंद म्हणून आमरी पाळावयाच्या तर त्या आणावयाच्या कोठून? हा प्रश्न अवघड आहे आणि मी तो टाळणार नाही. स्पष्टच सांगावयाचे तर कोयत्याइतकाच धोका आमरींना त्यांच्या चाहत्यांकडून आहे. रानात फूल पाहिले, आवडले, उपटून आणले, बाल्कनीत टांगले, दोन उन्हाळ्यांत वाळले, पुन्हा दुसरे आणले. ह्यास छंद म्हणता येणार नाही. जंगलातील कोणतीही वनस्पती भारतीय वन अधिनियम, १९२७ अन्वये वनोपज ठरते व राखीव वनातून ती काढणे हा गुन्हा आहे. सर्व आमरींचा आंतरराष्ट्रीय व्यापार 'साइटिस' करारान्वये नियंत्रित असून भारत १९७६ पासून त्या कराराचा सदस्य आहे. म्हणून आमच्या छंदाचा पहिला नियम एकच : उभ्या झाडावरून आमरी काढावयाची नाही, मग ते झाड वनातील असो वा स्वतःच्या परसातील.

पडलेल्या फांदीची गोष्ट वेगळी. वादळवाऱ्यात मोडलेल्या फांद्यांवरील आमरी जमिनीवर पडून कुजतात किंवा जळणाबरोबर चुलीत जातात. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले, तेव्हा एका दिवसात किती जुनी झाडे आडवी झाली हे त्या भागातील मंडळींनी पाहिले आहे. खाजगी जागेतील अशा फांदीवरील रोपे मालकाला विचारून घ्यावीत. वनहद्दीत मात्र पडलेली फांदीदेखील वनोपजच असते, म्हणून वनपालाची परवानगी घेतल्याखेरीज हात लावू नये. ह्याखेरीज प्रयोगशाळेत वाढविलेली रोपे रोपवाटिकेतून बिलासह विकत मिळतात, ती खुशाल घ्यावीत.

मिळालेले रोप लावण्याची रीत सोपी आहे, पण ती मातीची नव्हे. झाडावर वाढणारी आमरी मातीत लावली तर तिच्या मुळांना हवा मिळत नाही आणि ती कुजतात. नवशिक्यांची बहुसंख्य रोपे पाण्यावाचून मरत नाहीत, मातीने व अतिपाण्याने मरतात. सर्वांत उत्तम म्हणजे तिला पुन्हा एखाद्या जिवंत झाडावरच बसवावे. आंबा, फणस, ऐन, जांभूळ यांची खडबडीत साल तिला मानवते. पेरू, निलगिरी यांसारखी साल टाकणारी झाडे निवडू नयेत, कारण सालपटाबरोबर पाहुणीही खाली येते. काळ निवडावयाचा तर पावसाळ्याचा आरंभ. त्या वेळी नव्या मुळांची हिरवी टोके सुटू लागतात व ती सालीला लवकर धरतात. रोप सुती दोऱ्याने किंवा जुन्या सुती कापडाच्या पट्टीने बांधावे. मुळांनी पकड घेईपर्यंत दोरा टिकतो आणि नंतर आपोआप कुजून जातो. तार वापरू नये, तांब्याची तर नाहीच. सीतेची वेणी बांधताना तिचा शेंडा किंचित खाली झुकलेला ठेवावा, म्हणजे पानांच्या बेचक्यात पाणी साचत नाही. सकाळचे ऊन व दुपारची सावली ही जागा बहुतेक जातींना पुरते.

झाड नसेल तर भोके असलेली मातीची कुंडी घ्यावी आणि तीत लाकडी कोळसा, विटांचे तुकडे व नारळाच्या सोडणाचे तुकडे भरावेत. सोडण आधी दोनतीन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी टाकून द्यावे. उन्हाळ्यात सकाळी पाणी शिंपडावे, तेही मुळे वाळली आहेत हे पाहून. खताबद्दल मला नेहमी विचारतात. खताची घाई नको. रानात तिला पालापाचोळ्याचा नि पक्ष्यांच्या विष्ठेचा जो अंश पावसाच्या पाण्यातून मिळतो, तेवढ्यावर ती पिढ्यान्‌पिढ्या फुलत आली आहे. लक्ष ठेवावयाचे ते गोगलगायींवर, कारण मुळांची कोवळी टोके त्यांना फार आवडतात.

डेंड्रोबियम ह्या प्रजातीविषयी एक सूचना द्यावीशी वाटते. सह्याद्रीत तिच्या अनेक जाती आहेत. त्यांतील डेंड्रोबियम बार्बेटुलम ही पांढऱ्या फुलांची जात पावसाळा संपल्यावर पाने टाकून देते. उरतात त्या निस्तेज, सुरकुतलेल्या कांड्या. पुष्कळ जण रोप मेले असे समजून ते टाकून देतात किंवा घाबरून त्यावर बदाबदा पाणी ओततात. तिची ती विश्रांती असते. हिवाळ्याच्या अखेरीस त्याच उघड्या कांड्यांवर पांढऱ्या फुलांचे गुच्छ येतात. शाळेत अशी एक आमरी असली तर धीर धरण्याचा वेगळा पाठ घेण्याचे कारण पडणार नाही.

जमिनीतून उगवणाऱ्या आमरींची बाब मात्र निराळी आहे. पहिल्या पावसानंतर माळावर व सड्यावर हॅबेनारियाच्या पांढऱ्या फुलांचे तुरे दिसतात. अमरकंद, म्हणजे युलोफिया, पावसाच्या तोंडावर पानांच्या आधी फुलांचा दांडा वर काढतो. नर्व्हिलियाचे फूल येऊन गेल्यावर एकुलते एक पान उगवते. ऑगस्ट-सप्टेंबरात वाघचौऱ्याची मोठी शुभ्र फुले उमलतात. रात्रीच्या पतंगांना बोलावण्यासाठी त्यांचा सुगंध संध्याकाळनंतर वाढतो. पाऊस सरला की ह्या साऱ्या जमिनीवरून नाहीशा होतात आणि खाली फक्त कंद उरतो. हा कंद आपल्या परिचयाच्या मातीतील विशिष्ट बुरशीशी बांधलेला असतो. उपटून कुंडीत लावला तर पहिल्या वर्षी साठविलेल्या अन्नावर तो कदाचित फुलेलही, पण पुढे बहुधा दिसत नाही. म्हणून जमिनीवरील आमरी पाळावयाच्या नाहीत. त्यांची छायाचित्रे घ्यावीत. जोपासना आणि छायाचित्रण हे दोन छंद एकमेकांस पूरक आहेत असे मी म्हणतो ते ह्याचसाठी.

छायाचित्रण म्हटले की महागड्या कॅमेऱ्याची भीती वाटते. आज ती बाळगण्याचे कारण नाही. साधा मोबाइल आणि दहापट मोठे दाखविणारे हातभिंग एवढ्यावर ओळख पटण्याजोगे चित्र मिळते. भिंग मोबाइलच्या भिंगासमोर घट्ट धरावे आणि मोबाइल पुढेमागे करून चित्र स्पष्ट होईल ते अंतर शोधावे. ढगाळ दिवसाचा मंद प्रकाश सर्वांत उत्तम, आणि आमरींचा हंगाम पावसाळ्याचा असल्याने तो आपणांस फुकट मिळतो. एकाने छत्री धरली की पाऊस व वारा दोन्हीही अडतात. पांढरे फूल हिरव्या पार्श्वभूमीवर फार उजळ येऊन पाकळ्यांच्या रेषा पुसल्या जातात. अशा वेळी प्रकाश थोडा कमी करावा आणि फुलामागे शाळेची काळी पाटी धरावी. पाटीचा इतका चांगला उपयोग मी क्वचितच पाहिला आहे.

मात्र सुंदर चित्र आणि उपयोगी चित्र ह्यांत अंतर आहे. फुलाचे समोरून घेतलेले एकच चित्र पाहून तज्ज्ञालाही जात सांगता येतेच असे नाही. आमरीच्या फुलात तीन निदलपुंजाची दले आणि तीन पाकळ्या असतात. त्या तीन पाकळ्यांपैकी एक वेगळ्याच आकाराची, कीटकाला उतरण्यासाठी केलेल्या ओट्यासारखी असते. तिला ओष्ठ म्हणतात. ओळख पटावयास हा ओष्ठ स्पष्ट दिसला पाहिजे. हॅबेनारियात फुलामागे मधाची लांब नळी असते. तिची लांबी बाजूने घेतलेल्या चित्रातच कळते. म्हणून प्रत्येक आमरीची निदान पाच चित्रे घ्यावीत : संपूर्ण रोप, पाने, फूल समोरून, फूल बाजूने, आणि ती ज्या झाडावर आहे त्याची साल. एका चित्रात फुटपट्टी ठेवावी. वहीत तारीख, झाडाचे नाव, जमिनीपासून अंदाजे उंची व फुलांचा बहर किती ते लिहावे. न ओळखलेल्या जातीची चित्रे पुण्यास भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेचे पश्चिम विभागीय केंद्र आहे तेथील तज्ज्ञांना किंवा जवळच्या महाविद्यालयातील वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकांना दाखवावीत.

दोन पथ्ये सांगतो. सड्यावर एका फुलाचे चित्र घेण्यासाठी गुडघे टेकताना दहा रोपे चिरडली जातात, तेव्हा आधी खाली पाहावे व मगच बसावे. चित्र नीट यावे म्हणून आजूबाजूचे गवत उपटणे तर मुळीच नको. ते गवत त्या फुलाची सावली असते. दुसरे पथ्य अधिक महत्त्वाचे. मोबाइलच्या चित्रात ठिकाणाची नोंद आपोआप लपलेली असते. दुर्मिळ आमरीचे चित्र सर्वांना पाठविण्यापूर्वी ती नोंद बंद करावी आणि गावाऐवजी तालुक्याचे नाव सांगावे. पत्ता कळला की पुढल्या हंगामात तेथे खड्डा सापडतो.

हा छंद एकट्याने करता येतो, पण तो चौघांचा असला तर बरे. शाळेच्या आवारातील व गावातील जुन्या झाडांची यादी करून प्रत्येक झाड दोन-तीन मुलांच्या तुकडीकडे द्यावे. एकाची नजर तीक्ष्ण, दुसऱ्याचा हात स्थिर, तिसऱ्याचे अक्षर चांगले, अशी विभागणी आपोआप होते. वृद्ध मंडळींकडे नावे असतात, उपयोग असतात. अमरकंदाचा कंद काय कामी येतो, व्हॅंडाच्या मुळ्या कोणत्या दुखण्यावर लावीत, हे त्यांनाच ठाऊक असते. एक वर्षभर दर पंधरवड्यास पाहणी केली म्हणजे त्या गावाचे आमरींचे पंचांग तयार होते : कोण केव्हा फुलली, किती बोंडे धरली, कोणत्या झाडावरून नाहीशी झाली.

पंचायत सदस्यांना हे पंचांग निरुपयोगी वाटेल, म्हणून त्यांच्यासाठी दोन शब्द. जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये प्रत्येक स्थानिक संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमावयाची असून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावयाची आहे. मी पाहिलेल्या काही नोंदवह्यांत आमरींसाठी एकच ओळ होती व तीही शेजारच्या गावाच्या नोंदवहीतून उतरविलेली. मुलांच्या वहीतील तारीखवार, सचित्र नोंद ही त्या ओळीच्या जागी घालता येईल. आणि तिचा उपयोग होण्याचा प्रसंग लवकरच येतो, बहुधा रस्तारुंदीच्या निमित्ताने. कडेची जुनी झाडे तोडावयाची ठरतात तेव्हा ग्रामसभेत फार तर लाकडाच्या किमतीची चर्चा होते. कोणत्या आंब्यावर किती आमरी आहेत ह्याची यादी टेबलावर असेल, तर निदान रस्त्याची आखणी हातभर इकडेतिकडे करता येईल का, हा प्रश्न तरी विचारला जाईल. झाड तोडणे खरोखरच अटळ असेल तर आमरींच्या फांद्या दोराने सावकाश खाली उतरवाव्यात, रोपे सालीसकट सोडवावीत आणि सावलीत ठेवून लगेच दुसऱ्या जुन्या झाडांवर बांधावीत. ह्यातील सर्व जगत नाहीत. कडक उन्हाळ्यात हलविली तर कमीच जगतात. स्थलांतर हा झाड वाचविण्याला पर्याय आहे असे समजून कोणी परवानगीच्या कागदावर सही करू नये, एवढी विनंती.

बागायतदार मित्रांना मी एवढेच सुचवीन की बांडगूळ काढणाऱ्या गड्यास झाडावर चढण्यापूर्वी दोन्ही वनस्पती हातात घेऊन दाखवाव्यात. गाठ दिसली तर कोयता चालवावा, पांढरी मुळे सालीवरून पसरलेली दिसली तर तो झुबका तसाच राहू द्यावा.

आता कृपया खिडक्या लावून घ्याव्यात, म्हणजे पडद्यावर चित्रे नीट दिसतील. पहिल्या चित्रात आंब्याची एकच फांदी आहे. तिच्यावर बांडगूळही आहे आणि आमरीही आहे. कोणती कोणती, ते मी सांगणार नाही. आपणच सांगावयाचे आहे.